उपनगरात गप्पा मारत बसायला साधे बार आणि लंच होम कुठले? (ठाणे, मुलुंड, पार्ले, बांद्रा, चेंबूर)

मुलुंड_पूर्व

नमस्कार मंडळी. आमचा कॉलेजचा ग्रुप आता पार विखुरलाय, एक जण कल्याणला, दोघं ठाण्यात, मी मुलुंडला, एक मैत्रीण पार्ल्यात, एक बोरिवलीला आणि एक चेंबूरला. भेटायचं ठरलं की प्रत्येक वेळी कुणीतरी लोअर परेल नाहीतर बीकेसीतलं चकाचक ठिकाण सुचवतं आणि तिथं गेल्यावर म्युझिकमुळे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, दोन तासांनी टेबल सोडा म्हणतात, आणि बिल बघून पुढचे तीन महिने कुणी भेटायचं नाव काढत नाही. मला साधी जागा हवीये. म्हणजे सनमायकाचं टेबल, डोक्यावर पंखा, चकण्याला चणे नाहीतर शेंगदाणे, किचनमधून खरंखुरं गरम जेवण, ओळखीचा वेटर आणि कुणी उठा म्हणणार नाही अशी. आपल्या उपनगरात अशा जागा ढिगानं होत्या, अजूनही आहेत, पण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. रील बनतात ते सगळे रूफटॉपचे.

माझं स्वतःचं मत आधी सांगून टाकतो. परमिट रूम चांगली की वाईट हे मी दुपारी ठरवतो, रात्री नाही. दुपारी तिथं थाळी असेल आणि ती खायला आजूबाजूच्या बँकेतले, दुकानातले लोक येत असतील तर किचन जिवंत आहे असं समजायचं, मासे रोज येतात, भात रोज लागतो, मसाला रोज वाटला जातो. जिथं शटर संध्याकाळीच उघडतं तिथं बहुतेक वेळा फ्रिजरमधलं तळून देतात आणि सगळ्यावर तीच लाल ग्रेव्ही. अपवाद असतील, पण हा नियम मला फार कामाला आलाय.

तर सांगा आपापल्या भागातलं. नाव असेल तर नाव, नसेल तर कसं ओळखायचं ते तरी सांगा.

पार्लेकरीण

चांगला धागा काढलास. आमच्याकडे पार्ले पूर्वेला हनुमान रोडवरची गजाली आहे, नाव सगळ्यांना माहीत आहे पण म्हणून ती सोडू नकोस. बोंबील फ्राय आणि तिसऱ्या मागवायच्या, सोलकढी घ्यायची. हे तुझ्या सनमायकापेक्षा थोडं वरचं प्रकरण आहे, खिसाही त्याच हिशोबानं हलका होतो, पण आईबाबांना घेऊन जाता येतं आणि मालवणी जेवण मालवणी चवीचं असतं.

आता जरा दुसरी बाजू. तुमच्या ग्रुपमध्ये बायका आहेत ना, मग "साधा बार" शोधताना ते डोक्यात ठेवा. आम्हा मैत्रिणींना परमिट रूममध्ये बसायला काहीच अडचण नसते, अडचण असते ती टॉयलेटची आणि नजरांची. मी आत शिरल्यावर दोन गोष्टी बघते, बायकांचं टॉयलेट वेगळं आणि कडी लागणारं आहे का, आणि आधीच दुसरं एखादं कुटुंब किंवा बायकांचं टेबल आहे का. वरच्या मजल्यावर एसी फॅमिली सेक्शन असतो तिथं ढकलतात पुष्कळदा, दर थोडा जास्त लावतात, पण बसायला निवांत असतं म्हणून मी ते चालवून घेते. चार बायकांनी खालच्या हॉलमध्येच बसायचं ठरवलं तर कुणी अडवू नये हे मात्र माझं ठाम म्हणणं आहे. जिथला मॅनेजर "मॅडम वर बसा" असं दोनदा म्हणतो तिथं मी परत जात नाही.

पाली_नाका

बांद्रा म्हटलं की लोकांना सेलिब्रिटी आठवतात, पण पाली नाक्यावर जनता लंच होम आहे. नाव लंच होम, पण मुख्य काम बार. पगार कमी असलेली, सिनेमा-जाहिरातीत धडपडणारी पोरं वर्षानुवर्षं तिथं बसत आलीत आणि मोठी झाल्यावरही येतात. चायनीज, तंदूर, मासे सगळं एकाच मेनूत, त्यातलं साधं तेच मागवा, सुका चिकन, भुर्जी, तळलेला मासा. शुक्रवार-शनिवारी उशिरा गेलात तर उभं राहायला लागेल हे धरून चाला.

तिथून जवळच तोतोज गॅराज आहे, आत गॅरेजसारखी सजावट, गाडीचे पार्ट वगैरे, आणि जुनं रॉक मोठ्यानं वाजतं. मला जाम आवडतं पण तुला गप्पा मारायच्यात तर ते पहिल्या बिअरपुरतं ठेव आणि मग उठून जनताला या.

आणि हायवेला लागून बांद्रा पूर्वेला गांधीनगरात हायवे गोमांतक. तिथं दारू मिळत नाही, आधीच सांगतो, नाहीतर टेबलावर बसल्यावर वाद होतो. पण मासे खायचे असतील तर माझ्यासाठी अख्ख्या उपनगरात तेच पहिलं.

वेसावकर

माशांचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर लिहितो, कारण परमिट रूममध्ये लोक मासे मागवतात आणि फसतात.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते, माशांच्या विणीचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत कुणी तुम्हाला "एकदम ताजी सुरमई" म्हणून वाढली तर ती बर्फातली आहे किंवा लांबून आलीये. पावसाळ्यात मागवायचं ते खाडीचं, म्हणजे जिताडा, बोय, आणि पावसाच्या सुरुवातीला गाभोळीवाली चिवणी मिळाली तर दुसरं काही बघूच नका. ठाणे खाडीच्या बाजूला, नवी मुंबईच्या आगरी-कोळी खानावळीत चिवण्या मिळतात. नाहीतर सरळ सुकं मागवा, सोडे घातलेलं वांगं, जवळा, सुक्या बोंबलाचं कालवण. पावसात भाकरीबरोबर ह्याच्यापुढे काही नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मग ताज्या माशाचा हंगाम.

बोंबील फ्राय कसा ओळखायचा, तर ओल्या बोंबलात पाणी खूप असतं, म्हणून तो चिरून पसरवून वजनाखाली दाबून ठेवतात, पाणी निघालं की मसाला आणि रवा लावून तळतात. हे काम वेळखाऊ आहे. जिथं केलंय तिथं बोंबील चपटा, कडेला कुरकुरीत आणि आत अगदी मऊ येतो. जिथं दाबलेलाच नाही तिथं तेलात घातल्यावर मऊ पडतो आणि मग वरून बेसनाचं जाड कव्हर लावून ते लपवतात. जाड कव्हर दिसलं की परत मागवू नका. बर्फातली सुरमई पण कळते, काट्यानं तोडली की कापसासारखी सुटते आणि कोरडी लागते.

वेटरला "काय चांगलं आहे" असं विचारू नका, सगळंच चांगलं म्हणेल. "आज सकाळी काय आलं" असं विचारा.

मुलुंड_पूर्व

वेसावकर, मनापासून आभार, हे असं कुणी सांगत नाही. सकाळी काय आलं हे वाक्य पाठ करून ठेवतो.

पार्लेकरीण, टॉयलेटचा मुद्दा एकदम बरोबर, यादी करताना तो पहिला धरतो.

कापूरबावडी

ठाण्याचं मी लिहितो. आमच्या ग्रुपमध्ये अर्धे पितात अर्धे नाही, त्यामुळे आम्ही दोन टप्प्यांत करतो. आधी खाणं आणि नंतर बसणं, किंवा नुसतंच खाणं. मामलेदार मिसळ सगळ्यांना माहीत आहे, तहसील कचेरीजवळची, तिखट मागवाल तर जपून, रस्सा खरोखर जाळतो, पहिल्यांदा जाणाऱ्यानं मध्यम घ्यावी आणि बरोबर ताक ठेवावं. स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव, आकारानंच पोट भरतं. नौपाड्यात मेतकूट आहे, शुद्ध शाकाहारी मराठी पदार्थ, ज्यांना बाहेर जेवायला गेल्यावर पनीर सोडून काहीतरी हवं असतं त्यांच्यासाठी. कल्याणवाल्या मित्राला सांग येताना खिडकी वडा घेऊन ये, घराच्या खिडकीतून विकायला सुरुवात झालेला तो वडा आता तिथली ओळख आहे.

बारचं म्हणशील तर स्टेशनपासून तलावपाळीपर्यंत आणि नौपाड्याच्या आतल्या रस्त्यांवर जुन्या परमिट रूम आहेत, बऱ्याचशा शेट्टी लोकांच्या. नावं मुद्दाम घेत नाही कारण बिल्डिंगी रीडेव्हलपमेंटला चालल्यात आणि आज सांगितलेलं पुढच्या वर्षी पत्र्याच्या कुंपणाआड असतं. घोडबंदर रोडला नवं खूप झालंय पण तिथं सगळं मॉलच्या धर्तीवर, तू जे शोधतोयस ते जुन्या ठाण्यातच.

मंगळूर_व्हाया_मुलुंड

शेट्टी म्हणालात म्हणून लिहितो. माझे आजोबा दक्षिण कन्नडातून मुंबईत आले आणि हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात केली, मग वेटर, मग काउंटर. मुंबईतल्या उडपी हॉटेलांची आणि परमिट रूमची खूप मोठी संख्या आमच्या तुळू बोलणाऱ्या मंडळींची आहे, आणि "लंच होम" हे नाव मंगळुरी मासे देणाऱ्या ठिकाणांवर सगळीकडे दिसतं. आधी दिवसा कामगारांना स्वस्तात जेवण, संध्याकाळी तीच टेबलं, तेच किचन, वर फक्त परमिट.

परमिटचं पण थोडं सांगतो कारण नवीन पोरांना माहीत नसतं. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आता नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. म्हणजे कागदावर दारूबंदी आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असला पाहिजे. एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, आयुष्यभराचा १००० रुपयांचा. पाटीवर "परमिट रूम" का लिहिलेलं असतं ते यामुळे.

आता मागवायचं काय. शेट्टी मालक असेल आणि मेनूत मंगळुरी पान असेल तर नान आणि बटर चिकनच्या मागे लागू नका. नीर डोसा आणि चिकन सुका मागवा. घी रोस्ट असेल तर तो रंगानं गडद लाल आणि कडेला तूप सुटलेला आला पाहिजे, बेडगी मिरचीचा रंग असतो तो, तिखट त्यामानानं कमी लागतं. कोरी रोट्टी मिळाली तर उडीच मारा, तांदळाच्या कडक पापडीसारख्या रोट्यांवर नारळाचा कोंबडी रस्सा ओतायचा आणि जरा भिजू द्यायचं, पूर्ण मऊ होऊ द्यायचं नाही. आमच्या घरी ह्यावरून वाद होतात की किती वेळ भिजवायचं. मेनूत नसली तरी विचारा, पुष्कळ ठिकाणी स्टाफसाठी केलेलं असतं आणि मन मोठं असलेला मालक एक प्लेट देतो.

हे धंदे टिकायला हवेत असं मला फार वाटतं. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, मग २०२५ मध्ये लायसन्स फी वाढली, एक्साइज वाढली, त्यावरून १४ जुलै २०२५ ला बारवाल्यांनी राज्यभर बंद पण पाळला. मोठी हॉटेलं हे गिऱ्हाइकावर टाकतात. छोट्या परमिट रूममधला रोजचा गिऱ्हाईक रिक्षावाला, क्लार्क, पेंटर असतो, त्याला पेगमागे दहा रुपये वाढले तरी तो एक पेग कमी करतो किंवा वाइन शॉपमधून घेऊन कुठंतरी उभा राहून पितो. बसून, जेवून, माणसात पिणं हे कितीतरी बरं.

बिल_नीट_वाचा

वरच्या प्रतिसादाला जोडून. बिल आलं की दोन भाग वेगळे बघा. जेवणावर जीएसटी ५ टक्के. दारूवर जीएसटी लागतच नाही, ती जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर व्हॅट. दोन्ही एकत्र करून सगळ्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसला तर शांतपणे विचारा. आणि सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही, तो सक्तीचा नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशा गाइडलाइन काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या कायम ठेवल्या. साध्या परमिट रूममध्ये सहसा सर्व्हिस चार्ज लावतच नाहीत, तिथं तुम्ही स्वतःहून टीप ठेवा, रोख ठेवा आणि ज्यानं वाढलं त्याच्या हातात द्या.

चेंबूर_कॅम्प

चेंबूरला कुणी विचारत नाही म्हणून मीच लिहितो. बारच्या आधी खाण्याचं ऐका. सिंधी कॅम्पात विग रिफ्रेशमेंटला सकाळी दाल पकवान, आणि झामा स्वीट्सचे गुलाबजाम. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी हा भाग वसवला आणि ती चव अजून तशीच आहे. स्टेशनजवळ सद्गुरूची पावभाजी. दाक्षिणात्य वस्ती जुनी असल्यामुळे फिल्टर कॉफी आणि इडली पण भरवशाची.

बसायचं असेल तर माझी पद्धत सांगतो. स्टेशनच्या आजूबाजूच्या परमिट रूममध्ये आठच्या आधी एकदा डोकवा. एकटा माणूस पेपर वाचत, निवांत बसलेला दिसला, वेटर त्याला न विचारता पाणी आणि चणे ठेवून गेला, तर ती जागा चांगली. एकट्या माणसाला जिथं नीट वागवतात तिथं ग्रुपला पण नीट वागवतात. उलट जिथं एकट्याला टॉयलेटच्या दाराशी टेबल देतात तिथं मी परत फिरतो.

चकण्याबद्दल पण बोलायला हवं. उकडलेले चणे, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. काकडी-गाजर मीठ-मसाला लावून. कुठं खारे शेंगदाणे, कुठं मुगाची उसळ. हे फुकट असतं आणि परत परत देतात, आणि माझ्या मते किचनचा स्वभाव इथंच कळतो. चणे गरम आणि नीट शिजलेले आले तर पुढचं डोळे मिटून मागवा.

न_पिणारा

मी पीत नाही पण अशा ग्रुपात नेहमी असतो, त्यामुळे एक विनंती. जागा ठरवताना न पिणाऱ्याला काय मिळतं ते बघा. ताजा लिंबू सोडा, सोलकढी, नीट मसाला ताक असेल तर मी चार तास आनंदात बसतो. आणि बिल समान वाटायच्या आधी दारू वेगळी काढा, मला हे दर वेळी सांगायला अवघड जातं, मित्रांनीच केलं तर बरं वाटतं.

पार्लेकरीण

न_पिणारा, अगदी. आमच्या ग्रुपात आम्ही आधीच दोन बिलं मागतो, जेवणाचं आणि दारूचं. वेटर हसत हसत देतो, काही त्रास नसतो.

कापूरबावडी

जागा ठरवताना घरी परत कसं जाणार हे आधी ठरवा हो. वेस्टर्न आणि सेंट्रलवाल्यांना मधे भेटायचं असेल तर घाटकोपर सगळ्यात सोयीचं, जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून दादरला जायची गरजच राहिली नाही. आणि घाटकोपर पूर्वेला वल्लभ बाग लेनची खाऊगल्ली आहेच, शाकाहारी मंडळींचा प्रश्न तिथंच मिटतो.

गाडी आणू नका. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की केस, पहिल्या वेळेला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, कुणाच्या अंगावर गाडी गेली तर आयुष्यभर झोप लागणार नाही. लोकल, मेट्रो, रिक्षा, काहीही.

मुलुंड_पूर्व

मंडळी, खूप मिळालं. ग्रुपवर बोललो, असं ठरतंय की पहिली भेट पाली नाक्याला जनतात, शनिवार सोडून गुरुवारी आणि सातच्या आत पोचायचं म्हणजे एकत्र टेबल मिळेल. ज्यांना मासे खायचेत ते दुपारीच हायवे गोमांतकला जेवून येणार. दुसरी भेट घाटकोपरला, आधी खाऊगल्ली मग जवळची एखादी परमिट रूम, ती मी आणि चेंबूरवाला मित्र आधी दुपारी जाऊन थाळी खाऊन बघून येतो. पार्लेकरीणच्या दोन्ही अटी तपासून मगच नक्की करू.

एक शंका. कल्याणच्या मित्राचा पुतण्या मुंबईत नोकरीला लागलाय, बावीस वर्षांचा, तो पण यायचं म्हणतोय. चालेल का?

मंगळूर_व्हाया_मुलुंड

या, घेऊन या. बिअर किंवा वाइन २१ पूर्ण असेल तर चालते, व्हिस्की-रमला महाराष्ट्रात २५ लागतात, म्हणून त्याच्यासमोर ग्लास कसला आहे हे वेटर बघेल. आधार कार्ड बरोबर ठेवायला सांगा, मालक विचारेल आणि त्यानं विचारायलाच हवं, त्याच्या लायसन्सचा प्रश्न असतो. आणि तारीख ठरवताना ड्राय डे बघून घ्या, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर तर आहेतच, पण आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी लोक विसरतात आणि मग सगळे जमल्यावर शटर बंद दिसतं.

वेसावकर

आणि ऑगस्टच्या शेवटी भेटत असाल तर बोंबील नक्की मागवा, तोपर्यंत बोटी नीट लागलेल्या असतात.